अर्लीनबाईंची वही

जानेवारीत, शिकागोजवळचं आमचं सगळं शॉमबर्ग गाव बर्फाखाली गेलेलं असताना, आमच्या ऑफिसात एका टेबलावर पंखा चालू असायचा. छोटा, निळा, मान हलवणारा. त्याच्यासमोर एक उंच, भरदार, पन्नाशी ओलांडलेली ब्लॅक बाई बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये ताठ बसून फाइली वाचत असायची, आणि तिच्या आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं अंगात दोन-दोन स्वेटर घालून कुरकुरत असायची. मी नागपूरची. उन्हाळा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको अशी माझी समजूत होती. पण जानेवारीतला उन्हाळा मी पहिल्यांदा त्या टेबलाशी पाहिला.

अर्लीन हे त्यांचं नाव. वयानं लहान असलेले सगळे त्यांना 'मिस अर्लीन' म्हणायचे. घरी सुहासशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, बोलताना मी 'अर्लीनबाई' म्हणायला लागले आणि तेच नाव पक्कं झालं. आपल्या शाळेत एखाद्या बाई असतात ना, ज्यांचा धाक पण वाटतो आणि ज्यांच्या शेजारी बसायलाही मिळावंसं वाटतं, तशा त्या होत्या. मी २००१ साली त्या विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर लागले. अर्लीनबाई लोकांचे विम्याचे दावे तपासायच्या विभागात होत्या आणि त्यांना तिथं वीस वर्षं होऊन गेली होती.

ऑफिसात माझं नाव 'व्ही' झालं होतं. वसुधा म्हणण्याइतका वेळ कुणाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. अर्लीनबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला कॉफी मशिनपाशी अडवलं.

"आईनं काय नाव ठेवलंय तुझं?"

मी सांगितलं. त्यांनी ते एका हिरव्या वहीत आपल्याला वाचता येईल असं लिहून घेतलं आणि तीन दिवस माझ्याकडून म्हणवून घेतलं. चौथ्या दिवशी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक आली, अगदी स्वच्छ, पूर्ण. सुहाससुद्धा मला 'वसू' म्हणतो. अमेरिकेत आल्यावर माझं अख्खं नाव घेणारं पहिलं माणूस मिसिसिपीत जन्मलेलं निघालं.

त्यांना घाम फुटला की त्या छातीवर बोट ठेवून म्हणायच्या, "इथं आत जुलै लागलाय." ऑफिसात ते सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणी जाता जाता विचारायचं, "मिस अर्लीन, आज कुठला महिना?" त्या फाइलीतून मान वर न करता सांगायच्या, "जुलै. ऑगस्ट अजून यायचाय." मला आधी वाटलं, थायरॉइड असेल. आपल्याकडे बाईला काहीही झालं की ते थायरॉइड असतं, नाहीतर टेन्शन. शेवटी मी भीत भीत विचारलं, तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. "हनी, ही द चेंज आहे. तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. माझ्या आईची पाळी कधी गेली ते मला आजही माहीत नाही. एका वर्षापासून ती महिनाभर लोणच्याच्या बरणीला हात लावायला मोकळी झाली, एवढंच आठवतं. त्या दिवसांत तिला घाम येत होता का, झोप लागत होती का, ती उगाच चिडायची तेव्हा तिला काय होत होतं, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही.

अर्लीनबाईंच्या टेबलामागे फाइलींचं एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या शेवटच्या कप्प्यात फाइली नव्हत्या, तीन इस्त्रीचे ब्लाउज होते. दिवसातून दोनदा तरी त्या ब्लाउज बदलायच्या. नवीन मुलींना वाटायचं, काय हौशी बाई आहे. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेबलाशी चोवीस तास फिरणारा तो पंखा मीटिंगला कधी यायचा नाही. मीटिंगमध्ये त्या दाराजवळ बसायच्या, हात टेबलाखाली, कानशिलांवरून घाम ओघळत असायचा आणि त्या तो पुसायच्यासुद्धा नाहीत.

मी म्हटलं, "निदान कागदानं तरी वारा घ्या."

"गोऱ्या बाईला घाम आला तर कुणीतरी पाणी आणून देतं," त्या म्हणाल्या. "मला आला तर लिहितात, अर्लीन चिडली."

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. आदल्या वर्षी त्यांच्या वार्षिक अहवालात साहेबानं खरोखरच तसं लिहिलं होतं. मीटिंगमध्ये त्रासिक दिसते, स्वभाव तापट. अर्लीनबाई त्याच्या खोलीत गेल्या, हिरवी वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या दिवशीची मीटिंग?" त्यानं आठवून एक दिवस सांगितला. त्यांनी त्या दिवसाचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. सकाळी दहा चाळीस. मी दोन वाक्यं बोलले. दोन्ही फॉर्मच्या नंबराबद्दल. तिसरं वाक्य बोलले असेन तर तुम्ही सांगा, मी आत्ता लिहून घेते. साहेबानं ती ओळ अहवालातून काढून टाकली.

ती वही म्हणजे वरून स्प्रिंग असलेली, पूर्वी स्टेनो मुली वापरायच्या तसली. अर्लीनबाई तरुणपणी स्टेनोच होत्या. तारीख, वेळ, कोण, आणि त्याचे शब्द. त्यांचा एक नियम होता आणि तो त्या वहीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. "म्हणाला तसं लिही. तुला वाटलं तसं नको."

त्या शिकागोच्या दक्षिण भागात राहायच्या आणि रोज तासभर गाडी चालवत ऑफिसला यायच्या. एका वसंतात त्यांनी मला आणि सुहासला रविवारी त्यांच्या चर्चला बोलावलं. आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये 'त्या भागात' जायचं म्हटलं की लोक आवाज खाली करायचे. सुहासनंही गाडीची दारं दोनदा लॉक केली. आत गेलो तर सगळ्या बायका टोप्या घालून, हातमोजे घालून अशा नटलेल्या, की माझी कांजीवरम साधी वाटायला लागली.

त्या चर्चमध्ये भजन रंगात आलं की कुणाकुणाच्या अंगात यायचं. दुसरा शब्द मला सुचत नाही. माणूस रडायचं, नाचायचं, कधी आडवंही व्हायचं. त्यांना इजा होऊ नये म्हणून पांढऱ्या गणवेशातल्या पाच-सहा बायका भिंतीलगत उभ्या असायच्या, हातात पुठ्ठ्याचे पंखे घेऊन. त्यांच्यात मुख्य होत्या सिस्टर पर्ल, बुटक्या, साठीच्या, आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून काम केलेल्या. भजन चढत गेलं आणि माझ्या शेजारी अर्लीनबाई एकदम उठल्या. टोपी काढली, हातमोजे काढून फेकले, दोन्ही हात झटकायला लागल्या. पांढऱ्या गणवेशातल्या बायका धावल्या. पंख्यांचा वारा सुरू झाला, कुणी मागून धरलं, कुणी देवाचे आभार मानले, ऑर्गनवाल्यानं लय वाढवली. सुहास माझा हात घट्ट धरून बसला होता.

मी अगदी लगत होते म्हणून मला पुढचं ऐकू आलं. अर्लीनबाई पर्लच्या कानात म्हणाल्या, "पर्ल, देव नाही आलाय. जुलै आलाय."

पर्ल पंखा न थांबवता, ओठ न हलवता म्हणाल्या, "माहीत आहे. माझी सात वर्षं अशीच गेली. हलत राहा."

प्रार्थनेनंतर तळघरातल्या स्वयंपाकघरात जेवणाची तयारी चालली होती. पर्लनी दार लावलं, मोठ्या फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, अजून कुणाकुणाला असं होतंय. मग एक हात वर झाला, मग दुसरा. सात जणी निघाल्या. एक तर स्वतः पांढऱ्या गणवेशातली होती. सगळ्या एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की वरून पाद्रीबाबांनी कुणालातरी काय झालं ते बघायला पाठवलं. कित्येक महिने त्या एकमेकींच्या अंगात देव आला असं समजून वारा घालत होत्या.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी त्या तळघरात जमायला लागल्या. मी अधूनमधून जायचे, कोपऱ्यात बसून बटाटे सोलायचे. बोलणं सगळं मोकळं. कुणाला रात्रभर झोप नाही, कुणाला बस चालवताना घाम फुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाचा नवरा वेगळ्या खोलीत झोपायला गेलाय. डॉक्टरांचं नाव निघालं की मात्र आवाज बदलायचे. तिथं एक पद्धत पडली होती, ती अर्लीनबाईंनी पाडलेली. डॉक्टरकडे एकटीनं जायचं नाही. एकीनं बोलायचं, दुसरीनं बाजूला बसून लिहायचं. डॉक्टरसमोर वही उघडली की त्याचं बोलणं निम्म्यानं सुधारतं असं पर्ल म्हणायच्या, आणि त्यांनी तो व्यवसाय आतून पाहिलेला होता.

या पद्धतीमागे अर्लीनबाईंची आई होती. अर्लीनबाई लहान असताना मिसिसिपीतल्या एका इस्पितळात त्यांच्या आईची पोटातली गाठ काढायची म्हणून ऑपरेशन झालं. त्यानंतर तिला मूल झालं नाही, पाळीही आली नाही, अंगाची लाही व्हायची. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. गाठीबरोबर गर्भाशय आणि बाकीचंही सगळं काढलं होतं, हे तिला नऊ वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरनं सहज बोलता बोलता सांगितलं. "माझ्या आईची चेंज कुणीतरी कात्रीनं केली," अर्लीनबाई म्हणाल्या, "आणि तिला विचारलंही नाही." हे सांगताना त्या बटाट्याची भाजी ढवळत होत्या आणि ढवळत राहिल्या.

आता त्यांच्याही गर्भाशयात गाठी होत्या. घामाचं त्या हसण्यावारी न्यायच्या, रक्तस्रावाचं नाही नेता यायचं. पंधरा-पंधरा दिवस थांबायचा नाही. एकदा मीटिंगनंतर सगळे उठले तरी त्या बसूनच राहिल्या. मी मागे वळून पाहिलं. त्या फक्त म्हणाल्या, "वसुधा, तुझा स्वेटर." मी तो कमरेला गुंडाळायला दिला आणि खुर्ची ओल्या कागदानं पुसली. त्या माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. इतकी ताठ बाई अशी उभी राहिलेली मला पाहवलं नाही.

तोवर दोन डॉक्टर झाले होते. एकानं वजन कमी करा सांगितलं. दुसऱ्यानं मन शांत राहायची गोळी लिहून दिली आणि दोघांचंही शेवटचं वाक्य एकच, ऑपरेशन करून काढून टाका. अर्लीनबाईंना आता मूलबाळ नको होतं. एक मुलगी होती, अटलांटात तिचा संसार चालला होता. पण त्यांना आधी सगळं समजून हवं होतं. दुसरं काही करता येतं का, येत असेल तर आधी ते का नाही. "काढायचंच असेल तर काढू," त्या म्हणायच्या. "पण मी ठरवल्यावर."

इथं मी मध्ये पडले. मी म्हटलं, आमच्या एक मराठी डॉक्टर आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ, फार चांगल्या, अगदी ऐकून घेतात. त्यांचं नाव मी सांगत नाही. गणपतीला, दिवाळीला आमच्या मंडळात त्या भेटायच्या. माझ्या सासूबाई इथं आल्या तेव्हा घरी येऊन त्यांचं ब्लड प्रेशर बघून गेल्या होत्या. मला त्यांचा अभिमान होता, आणि आपल्या माणसाचा अभिमान परक्याला दाखवायची हौसही होती. पर्लना त्या दिवशी जमणार नव्हतं. अर्लीनबाईंनी वही माझ्या हातात दिली. "तुझं अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर मला बघून खूश झाल्या. "अगं तू? बस ना." अर्लीनबाईंशी त्या इंग्रजीत बोलल्या, नम्रपणे, भराभर. रिपोर्ट चाळले आणि म्हणाल्या, गर्भाशय काढणं हाच उत्तम उपाय, तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे. अर्लीनबाईंनी सात प्रश्न लिहून आणले होते. पहिले तीन विचारले. मी उत्तरं लिहीत होते. चौथा प्रश्न होता, याशिवाय दुसरं काय करता येतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून, हसऱ्या चेहऱ्यानं, मराठीत म्हणाल्या,

"यांचं असंच असतं गं. आधी दुर्लक्ष करतात, मग प्रश्नांची लिस्ट घेऊन येतात. आपल्याकडची कुणी असती तर मी आधी सहा महिने मेडिसिन देऊन बघितलं असतं. ह्या नीट घेत नाहीत, फॉलो-अपला येत नाहीत. काढून टाकलेलं बरं."

घरच्यांची खुशाली विचारावी अशा आवाजात त्या हे बोलल्या. माझं पेन थांबलं.

"काय म्हणाल्या?" अर्लीनबाईंनी विचारलं.

"माझ्या घरच्यांची चौकशी करत होत्या," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली. मी असं का केलं ते आजही मला धड सांगता येत नाही. डॉक्टर मोठ्या, मानाच्या, त्यांना उघडं पाडायचं कसं, आणि अर्लीनबाईंना वाईट वाटेल, अशी दोन्हीकडून मी स्वतःची समजूत घातली. लाज वाटली ती डॉक्टरांची नाही. त्यांनी मला न विचारता आपल्या बाजूची धरलं आणि मी तिथं मुकाट्यानं बसले, त्याची वाटली. उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी सुवाच्य अक्षरात लिहिली.

गाडीत बसल्यावर अर्लीनबाईंनी किल्ली फिरवली नाही. वही घेतली, पान वाचलं.

"चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाहीये."

मी सीटबेल्ट ओढायला लागले.

"तुझं पेन थांबलं होतं. मी बघत होते." त्या समोर बघत म्हणाल्या, "माझी आई सांगायची, ऑपरेशनच्या आधी दोन डॉक्टर तिच्या पायाशी उभे राहून काहीतरी बोलले आणि हसले. तिला ऐकू येत होतं. तिला वाटलं, आपल्याबद्दल नसेल." मग त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "घरी ने. जे राहिलंय ते लिहून आण."

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसले. सुहासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लीव्ह इट यार, वसू. मंडळात रोज तोंड दाखवायचंय आपल्याला. तू फक्त त्यांना सांग ना, सेकंड ओपिनियन घ्या म्हणून." सल्ला शहाणपणाचा होता. मीही दुपारपासून स्वतःला तोच देत होते. पण वही समोर होती आणि नियम मला पाठ होता. मी आधी मराठीत लिहिलं, जसंच्या तसं. मग त्याखाली इंग्रजीत. 'ह्या नीट घेत नाहीत' याला दोन-तीन सौम्य शब्द सुचले, ते लिहिले आणि खोडले. शेवटी जे होतं तेच लिहिलं. वेळ घातली, दुपारचे दोन वीस. आणि त्याखाली स्वतःचं वाक्यही लिहिलं, की मी खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते वाचलं. मी समोर बसले होते आणि रडायला लागले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "रडायचं असेल तर घरी रड. इथं मला वाचू दे."

दोनदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपल्याकडची असती तर, हे तिचे शब्द?"

"हो."

"आधी सहा महिने औषध दिलं असतं."

"हो."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं होतं त्या संतापतील, निदान माझ्यावर तरी. त्यांचा चेहरा थकलेला होता, पण आवाज साहेबासमोर लागला होता तसाच होता.

"म्हणजे औषध आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा त्याच डॉक्टरांची वेळ घेतली. दुसरीकडे जा म्हणून पर्लनी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. "दुसरीकडे हे मला न येणाऱ्या भाषेतसुद्धा कुणी बोलणार नाही, नुसतं मनात ठेवतील," असं त्यांचं म्हणणं. मलाही बोलावलं. "लिहायला नाही," त्या म्हणाल्या. "बसायला."

लिहायला पर्ल होत्या, पांढऱ्या गणवेशात. तो त्यांनी मुद्दाम घातला होता. अर्लीनबाईंनी वही उघडली आणि माझं इंग्रजी वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही, एकही शब्द वगळला नाही. खोलीत फक्त पर्लच्या पेनाचा आवाज येत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, एवढंच त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून बरं झालं.

वाचून संपल्यावर अर्लीनबाई म्हणाल्या, "मी गोळ्या वेळेवर घेते. फॉलो-अपला येते. वीस वर्षांत ऑफिसला एकदाही उशिरा गेलेले नाही. मी तुमच्याकडची असते तर जे दिलं असतं, ते मला द्या. सहा महिन्यांनी काय करायचं ते मी ठरवीन."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी खुर्ची ओढून पुढे घेतली, रिपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून उघडले आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ते पर्लच्या अक्षरात अडीच पानं झालं. त्यात तीन वेगवेगळे उपाय होते, प्रत्येकाचे फायदे होते, धोके होते. एवढं सगळं त्या बाईंना पहिल्यापासून माहीत होतं.

त्या रविवारी डॉक्टरांचा मला फोन आला. "मी असं बोलले होते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला आठवतसुद्धा नाही गं." त्यांना खरंच आठवत नव्हतं. आवाजावरून कळत होतं, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

औषधानं रक्तस्राव आटोक्यात आला. सहा महिन्यांचे पुढे नऊ झाले, मग वर्ष, आणि एक दिवस अर्लीनबाईंची पाळी आपली आपण थांबली ती थांबलीच. त्याची खात्री झाली त्या शनिवारी तळघरात केक कापला. पर्लनी आभाराची प्रार्थना म्हटली. अर्लीनबाईंनी पहिला तुकडा आईच्या नावानं बाजूला काढून ठेवला आणि मग तोंडाला रुमाल लावून खूप रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

आमची मैत्री राहिली. त्या माझ्या डब्यातलं वरण खायच्या, मला नाव घेऊन हाक मारायच्या, माझ्या मुलीच्या पदवीदानाला टोपी घालून आल्या. पण त्यानंतर कुणाबरोबर लिहायला जायचं असलं की त्यांनी मला कधी विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारायच्या. मी कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला ते लागायचं, आणि त्यांचं चुकत नाही हेही कळायचं.

२००७ साली सुहासला अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, रेडमंडला नोकरी लागली. सामानाची बांधाबांध सुरू झाली होती आणि मला कित्येक महिने झोप नव्हती. पाळी कधी दोन महिने यायची नाही, कधी आली की जायची नाही. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या तळघरात बटाटे सोलून मी शिकले होते काय, तर दुसरीचं ऐकायला. जायच्या आधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून मी त्याच डॉक्टरांकडे वेळ घेतली आणि एकटीच गेले.

बाहेरच्या खोलीत अर्लीनबाई बसल्या होत्या, चर्चमधल्या एका चाळिशीतल्या बाईबरोबर. मला आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, "अजून यांच्याकडेच येता?"

"सगळ्यांना इथंच आणते," त्या म्हणाल्या. "ही आता ऐकते. एवढी मेहनत घेतली, ती वाया कशाला घालवू?" मग त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"सुहासला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. अर्लीनबाईंनी आपला कोट त्या बाईच्या मांडीवर ठेवला, तिला म्हणाल्या, "आलेच," आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आम्ही दोघी आत गेलो. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्याच्यावर त्या बसल्या, वहीचं कोरं पान काढलं, तारीख घातली, माझं नाव लिहिलं.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. त्यांचेही केस आता पांढरे झाले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून, खरंच मायेनं, त्यांनी विचारलं, "काय गं, काय होतंय?"

मराठीत इतक्या जवळून हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. अर्लीनबाई पेन धरून थांबल्या होत्या, डॉक्टरांचं मराठी त्यांना कळलेलं नव्हतं. मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, आणि त्या मान खाली घालून लिहू लागल्या.